शब्दकोशाची साइट सारखी बसते आहे, पुढे क्लाउडफ्लेअर असूनही. नेमकं काय तपासू?

कोशवाली

नमस्कार मंडळी,

मी एक ऑनलाइन शब्दकोश चालवते. साठेक हजार नोंदी आहेत, प्रत्येकीला अर्थ, व्युत्पत्ती, वापराची उदाहरणं. भाषांतर करणारे, मुद्रितं तपासणारे, भाषा शिकणारे असे बरेच जण तो रोजच्या कामात वापरतात. तो बंद पडला की लोकांचं काम अडतं, म्हणून फार जीव तुटतो.

सर्व्हर म्हणजे एक व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर): २ कोअर, ४ जीबी रॅम, एन्जिनएक्स (वेब सर्व्हर), पीएचपी-एफपीएम (पानं तयार करणारं), मायएसक्यूएल (डेटाबेस). एरवी लोड १ च्या वर जात नाही. आता मध्येच तो ४०-५० वर चढतो, पानं ५०४ (वेळेत उत्तर नाही) देऊ लागतात आणि काही वेळाने सगळं आपोआप शांत होतं. पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच.

होस्टिंगवाल्यांना विचारलं तर 'डीडॉस आहे, वरचा प्लॅन घ्या' एवढंच उत्तर आलं, म्हणजे अनेक ठिकाणांहून एकदम मारा करून साइट पाडणं. कसला हल्ला, किती मोठा, काही नाही. मग क्लाउडफ्लेअर या वाचक आणि सर्व्हर यांच्या मध्ये उभं राहून ट्रॅफिक गाळणाऱ्या सेवेचा फुकट प्लॅन घेतला, डीएनएसमधला ढग नारिंगी केला, म्हणजे ट्रॅफिक त्यांच्यामार्फत येऊ लागलं. फरक पडला नाही. उलट आता काही वाचक ५२२ दिसतं म्हणून कळवतात, आणि गंमत नाही, खरंच, त्या वेळी सर्व्हरवर लोड अजिबात नसतो. फेल२बॅन (त्रास देणाऱ्या आयपींवर आपोआप बंदी घालणारं) पूर्वीपासून लावलेलं आहे. 'अंडर अटॅक मोड' चालू केला की साइट तगते, पण आमचं मोबाइल ॲप एपीआयवरून (ॲपने सर्व्हरशी बोलायची वाट) शब्द आणतं, ते बंद पडतं.

कुठून सुरुवात करू?

खटपट्या

लॉगमध्ये कुठल्या देशांतून ट्रॅफिक येतंय ते बघा आणि ज्या देशांत तुमचे वाचक नाहीत ते सरळ ब्लॉक करा. फेल२बॅन आणखी कडक करा, मिनिटाला २० च्या वर रिक्वेस्ट आल्या की दिवसभर बंदी. आणि ४ जीबी आजकाल कमीच, रॅम वाढवून घ्या.

रात्रपाळी

कोशवालीताई, फेल२बॅन कडक करू नका. उलट हे वाचून झालं की लगेच ते थांबवा. ५२२ बहुधा त्यानेच येतोय.

५२२ चा अर्थ क्लाउडफ्लेअरला तुमच्या सर्व्हरशी जोडणीच करता आली नाही. लोड नसताना जोडणी का होऊ नये? क्लाउडफ्लेअर मध्ये आल्यापासून तुमच्या सर्व्हरला दिसणारे आयपी वाचकांचे नसतात, क्लाउडफ्लेअरचे असतात. खरा पत्ता 'सीएफ कनेक्टिंग आयपी' या हेडरमध्ये येतो, आणि तो तिथून उचल असं एन्जिनएक्सला मुद्दाम सांगावं लागतं. सांगितलं नसेल तर लॉगमध्ये सगळे वाचक मूठभर पत्त्यांवरूनच येताना दिसतात. फेल२बॅनला वाटतं हा एकटाच धुमाकूळ घालतोय, आणि ते क्लाउडफ्लेअरलाच बाहेर काढतं. त्या पत्त्यामागून येणाऱ्या सगळ्या खऱ्या वाचकांना मग ५२२. क्लाउडफ्लेअर आपल्या पत्त्यांची यादी जाहीर करतं. फायरवॉलमधली बंदीची यादी काढून तिच्याशी ताडून बघा.

हेडरमधून खरा पत्ता उचलण्याची सेटिंग करताना दोन गोष्टी सांभाळा. हेडरवर विश्वास फक्त क्लाउडफ्लेअरच्या पत्त्यांकडून आला तरच ठेवायचा, नाहीतर कोणीही मनाला येईल तो आयपी लिहून पाठवेल. दुसरं, खरा पत्ता कळल्यानंतरही आयपीटेबल्समधून (लिनक्सची फायरवॉल) तो ब्लॉक करून काही होत नाही, कारण तुमच्या दाराशी येणारं पॅकेट क्लाउडफ्लेअरचंच असतं. बंदी घालायची तर एन्जिनएक्समध्ये, किंवा त्याहून बरं म्हणजे क्लाउडफ्लेअरच्या एपीआयवरून त्यांच्याकडेच.

आता मूळ दुखण्याकडे. होस्टिंगवाल्यांनी 'डीडॉस' म्हटलं, पण त्यात तीन अगदी वेगळे प्रकार येतात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

पहिला पाइप भरण्याचा. २८ फेब्रुवारी २०१८ ला गिटहबवर झाला तो असा, सेकंदाला १.३५ टेराबिट. उघड्यावर राहिलेल्या मेमकॅश्ड (डेटा तात्पुरता साठवणाऱ्या) सर्व्हरना, यूडीपीच्या ११२११ पोर्टवर, गिटहबचा पत्ता खोटा लिहून छोटीशी विचारणा पाठवायची; उत्तर जातं गिटहबकडे, आणि ते विचारणेच्या ५१ हजार पटीपर्यंत मोठं असू शकतं. अशा वेळी आपल्या सर्व्हरवर काय बसवलंय याला अर्थ नसतो. रस्ताच तुंबल्यावर घराच्या कुलपाने काय होणार? गिटहबनेही ट्रॅफिक अकामाई या हल्ले गाळणाऱ्या सेवेकडे वळवलं, तेव्हा काही मिनिटांत साइट सावरली.

दुसरा जोडण्यांचा. एसवायएन फ्लड, म्हणजे जोडणी जुळवताना होणारी टीसीपीची ओळख अर्धवट सोडून द्यायची आणि सर्व्हरला ताटकळत ठेवायचं. १९९६ मध्ये न्यूयॉर्कची पॅनिक्स ही इंटरनेट सेवा याने बंद पाडली होती. त्यावर त्याच वर्षी एसवायएन कुकीजचा तोडगा निघाला, आणि आजच्या लिनक्समध्ये तो मुळातच चालू असतो.

तिसरा ॲप्लिकेशनचा. रिक्वेस्ट दिसायला अगदी सभ्य, पण तिचं उत्तर द्यायला तुमच्या सर्व्हरला जड जातं.

तुमचा तिसरा वाटतो, पण अंदाजावर काही बदलायला नको. चार गोष्टी कळवा. लोड चढतो तेव्हा एसएसएचने (दुरून सर्व्हरमध्ये शिरायची सोय) आत जाता येतं का? 'टॉप'मध्ये (चालू प्रोसेसची यादी) सगळ्यात वर कोण असतं? मायएसक्यूएलचा स्लो क्वेरी लॉग (रेंगाळणाऱ्या क्वेरींची नोंद) चालू करून त्यात काय पडतं? आणि त्या वेळच्या ॲक्सेस लॉगमधल्या सलग वीसेक ओळी.

खटपट्या, देश ब्लॉक करण्याबद्दल मी साफ असहमत आहे. शब्दकोशाचे वाचक जगभर असतात. घरापासून लांब राहणाऱ्याला तर त्याची गरज जास्तच. आणि भाड्याच्या बॉटनेटमधली (हल्लेखोरांनी ताब्यात घेतलेल्या यंत्रांची फौज) उपकरणं तुमच्या वाचकांच्या देशातही असतात.

कोशवाली

रात्रपाळीदादा, बंदीच्या यादीत क्लाउडफ्लेअरचे पत्ते सापडले. फेल२बॅन थांबवलं, खऱ्या पत्त्याची सेटिंग केली. त्यानंतर ५२२ ची एकही तक्रार नाही. मनापासून आभार.

आज पुन्हा लोड चढला तेव्हा सगळं टिपून ठेवलं. एसएसएच संथ होतं, पण आत जाता आलं. टॉपमध्ये सतत मायएसक्यूएल. स्लो लॉगमध्ये एकच क्वेरी पुन्हा पुन्हा, शोधाची. प्रत्येकीला दीड ते दोन सेकंद.

ॲक्सेस लॉगमध्ये सगळ्या रिक्वेस्ट शोधपानावर. शोधलेले 'शब्द' असे: ठझक्षल, घपणट७, ऊऊढछम, यखफध३. एकही दोनदा नाही. प्रत्येक आयपी वेगळा, तोच आयपी परत आला तर मिनिटा-दोन मिनिटांनी. युझर एजंट सगळ्यांचा अक्षरशः एकच, क्रोमची कुठलीतरी जुनी आवृत्ती. आणि यातला कोणीही सीएसएस, चित्रं, फॉन्ट काही मागत नाही, फक्त शोधपान.

अजून एक. खऱ्या पत्त्याची सेटिंग केल्यावर लॉगमध्ये मूळ जोडणी कुठून आली तेही छापायला लावलं. निम्म्याहून जास्त रिक्वेस्ट क्लाउडफ्लेअरच्या पत्त्यांवरून आलेल्याच नाहीत. थेट आल्या आहेत.

रात्रपाळी

यात सगळं आलं. तुम्ही मूळ जोडणीचा पत्ता छापायला लावलात हे फार चांगलं केलंत, त्यामुळे दोन गोष्टी वेगळ्या करता येतात.

प्रथम एक शंका दूर करतो. आजकाल अधाशी क्रॉलरही साइट बसवतात, आणि ते हल्ल्यासारखंच दिसतं. पण क्रॉलर साइटवर असलेल्या लिंका धरून चालतो. 'ठझक्षल' अशी लिंक तुमच्याकडे असणार नाही. कॅशमध्ये कधीच सापडू नये म्हणून दर वेळी नवीन अक्षरं जुळवली जाताहेत. कोणीतरी मुद्दाम करतंय.

थेट येणाऱ्या रिक्वेस्ट: हल्लेखोराला तुमच्या सर्व्हरचा मूळ आयपी माहीत आहे. क्लाउडफ्लेअर लावण्याआधी तो डीएनएसमध्ये उघडा होता आणि जुन्या डीएनएस नोंदी साठवून ठेवणाऱ्या सेवा आहेत. म्हणून फायरवॉलमध्ये ८० आणि ४४३ ही पोर्टं फक्त क्लाउडफ्लेअरच्या रेंजसाठी उघडी ठेवा, बाकी सगळ्यांचं पॅकेट उत्तर न देता टाकून द्या. आयपीव्ही६ विसरू नका, पुष्कळदा तेच दार उघडं राहतं. मग होस्टिंगवाल्यांकडून नवीन आयपी मागून घ्या. वरचा प्लॅन नको, फक्त आयपी. जुन्या पत्त्यावर उद्या कोणी पाइप भरायचं ठरवलं तर फायरवॉल कामाची नाही, म्हणून पत्ताच बदललेला बरा.

नवीन पत्ता पुन्हा फुटू नये म्हणून डीएनएसमधली प्रत्येक नोंद उघडून बघा. 'मेल' किंवा 'एफटीपी' नावाचा सबडोमेन करड्या ढगासह, म्हणजे क्लाउडफ्लेअरला वगळून, त्याच सर्व्हरकडे बोट दाखवत असेल तर सगळं मुसळ केरात. साइटवरून ईमेल जात असतील, पासवर्ड बदलायचे वगैरे, तर ते त्याच सर्व्हरवरून पाठवू नका, मेलच्या हेडरमध्ये आयपी उघडा पडतो. आणि आयपी थेट ब्राउझरमध्ये टाकल्यावर तुमच्या डोमेनचं सर्टिफिकेट दिसता कामा नये. अख्खं इंटरनेट चाळून सर्टिफिकेटांची नोंद ठेवणाऱ्या सेवा आहेत, त्यात डोमेनचं नाव टाकलं की आयपी मिळतो.

क्लाउडफ्लेअरमधून येणाऱ्या रिक्वेस्ट: फुकट प्लॅन एचटीएमएल पानं आपणहून कॅश करत नाही. चित्रं, सीएसएस, जावास्क्रिप्ट करतो. त्यामुळे तुमचं शोधपान क्लाउडफ्लेअर असो वा नसो, दर वेळी तुमच्या मायएसक्यूएलपर्यंत पोहोचतच होतं.

आणि मला सगळ्यात जास्त ज्यावर बोलायचं आहे ते हे: दीड ते दोन सेकंद. 'ठझक्षल' लिहून पाठवायला समोरच्याला काही लागत नाही, आणि त्याला 'असा शब्द नाही' हे सांगायला तुमचा एक कोअर दोन सेकंद राबतो. म्हणजे सेकंदाला पाच-सहा रिक्वेस्टमध्ये तुमचा सर्व्हर आडवा. एवढ्याला बॉटनेटही लागत नाही. हा फरक मिटवला नाही तर पुढे कितीही भिंती बांधा, एखादी फट मिळाली की पुन्हा तेच.

क्वेरी उघडून बघा. बहुधा 'लाइक' वापरलं असेल आणि शब्दाच्या दोन्ही बाजूंना टक्क्याचं चिन्ह. पुढे टक्का असला की इंडेक्सचा उपयोग होत नाही, मायएसक्यूएल साठच्या साठ हजार नोंदी, अर्थांसकट, वाचून काढतं. शब्दकोशात माणूस बहुतेक वेळा मथळ्याचा शब्द शोधतो. टक्का फक्त शेवटी ठेवा, मथळ्याच्या रकान्यावर इंडेक्स टाका, दोन सेकंदांचे काही मिलिसेकंद होतील. अर्थाच्या मजकुरात शोधायची सोय वेगळ्या पानावर न्या.

याच्याही पुढे जाता येईल. साठ हजार मथळे म्हणजे जेमतेम दोन-तीन एमबी. ती यादी रेडिसमध्ये (रॅममध्ये चालणारा डेटाबेस) ठेवा. शब्द यादीत नाही, किंवा यादीतल्या कुठल्याही शब्दाची सुरुवात तशी नाही, तर डेटाबेसला हात न लावता 'सापडला नाही' म्हणून मोकळं व्हा. फक्त तुलना करण्याआधी लिखाण एकसारखं करून घ्या. 'तऱ्हा' मधला ऱ दोन प्रकारे टंकला जातो, कोणी नुक्त्याचा ऱ आणि हलन्त वापरतं, कोणी साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना एकच दिसतं, यंत्राला दोन वेगळे शब्द. हे केलं नाही तर खऱ्या वाचकाला शब्द असूनही नाही म्हणून सांगाल.

सापडलेल्या शब्दाचं पान तर दर वेळी तयार करायचं कारणच नाही. नोंदी रोज थोड्याच बदलतात? प्रत्येक शब्दाला स्वतःचा पत्ता द्या, त्याचं पान तयार करून फाइल म्हणून ठेवा, आणि क्लाउडफ्लेअरच्या कॅश रूलमध्ये त्या सगळ्या पत्त्यांना एचटीएमएल साठवायला सांगा. त्या पत्त्यांच्या शेवटी कोणी प्रश्नचिन्ह आणि फालतू अक्षरं जोडून आलं तर एन्जिनएक्समधूनच नाकारा, म्हणजे कॅश चुकवायची तीही वाट बंद.

एवढं झालं की मग दर मर्यादा. एन्जिनएक्सच्या 'लिमिट रेक'मध्ये शोधपानाला एका आयपीमागे सेकंदाला २ आणि थोडा बर्स्ट (एकदम आलेल्या रिक्वेस्टची सूट) ठेवा. १० एमबीच्या झोनमध्ये सुमारे ८० हजार पत्ते मावतात, पुरेसं आहे. नकार मुळात ५०३ ने जातो, तो बदलून ४२९ (फार रिक्वेस्ट झाल्या) करा, म्हणजे लॉगमध्ये तुमची स्वतःची पडझड आणि जाणूनबुजून दिलेला नकार वेगळे दिसतील. पण तुमच्या लॉगमध्ये एकेक आयपी मिनिटा-दोन मिनिटांनी येतोय, तो या जाळ्यात अडकणारच नाही. म्हणून शोधासाठी पीएचपी-एफपीएमचा स्वतंत्र पूल करा आणि त्याला चार-पाचच प्रोसेस द्या. शोध बुडाला तरी शब्दांची पानं, मुखपृष्ठ, ॲप चालू राहतील. मला स्वतःला कुठल्याही दर मर्यादेपेक्षा ही वेगळी चूल जास्त भरवशाची वाटते.

दीपस्तंभ

रात्रपाळींनी सांगितलेल्यात एक भर. आयपीमागे मर्यादा लावताना मोबाइल नेटवर्क लक्षात घ्या. तिथे एकाच आयपीव्ही४ पत्त्यामागे शेकडो माणसं असू शकतात. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांचंही तेच. एका वर्गाने एकाच वेळी शब्दकोश उघडला तर त्यातल्या अर्ध्यांना ४२९ मिळेल. सेकंदाला २ ऐवजी ५ आणि बर्स्ट २० पासून सुरू करा. उलट आयपीव्ही६ मध्ये एका घराला निदान /६४ एवढा पत्त्यांचा गठ्ठा मिळतो, तिथे एकेका पत्त्याला मर्यादा लावून काहीच साधत नाही, मर्यादा /६४ ला लावायची.

आणि विचारायचं होतं, पैसे मागणारा मेल आला आहे का? आला असेल तर देऊ नका. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये प्रोटॉनमेलने अशी खंडणी बिटकॉइनमध्ये दिली होती आणि तरीही हल्ले थांबले नाहीत. त्यांनी स्वतःच हे जाहीर केलं.

रात्रपाळी

दीपस्तंभ, मोबाइलचा मुद्दा मान्य. ५ आणि २० च ठेवा. शोध स्वस्त झाल्यावर तेवढं सैल सोडायला हरकत नाही.

कोशवाली

मेल कुठलाच आला नाही.

क्वेरी तशीच निघाली, दोन्ही बाजूंना टक्का. सुरुवातीचा काढून, इंडेक्स टाकून बघितलं, आता स्लो लॉगमध्ये ती येतच नाही. फायरवॉलमध्ये क्लाउडफ्लेअर सोडून सगळ्यांना बंदी केली, नवीन आयपी मिळाला. करड्या ढगाचा एक जुना चाचणीचा सबडोमेन सापडला, तो काढून टाकला. शोधाचा पूल वेगळा केला. ऱ चं तुम्ही म्हणालात ते अगदी खरं आहे. आमच्याकडे 'दुसऱ्या', 'वाऱ्या' असे शब्द न सापडल्याच्या तक्रारी यायच्या, आणि त्या कशामुळे हे कधी कळलंच नव्हतं. तेही यातून सुटलं.

काल पुन्हा तेच चालू झालं. लॉगमध्ये 'छठघळ' वगैरेंची रांग लागली होती, लोड २ च्या पुढे गेला नाही, आणि मी शेजारच्या खिडकीत शब्द शोधत होते ते लगेच मिळत होते.

आता ॲपचं काय करू? हल्ला मोठा झाला आणि 'अंडर अटॅक' लावायची वेळ आली तर ॲप पुन्हा बंद पडेल.

रात्रपाळी

वाचून फार बरं वाटलं.

अंडर अटॅक मोड प्रत्येक भेटीला आधी ब्राउझरची परीक्षा देतो. ॲपमागे ब्राउझर नाही, त्यामुळे ते तिथेच अडकतं. मोड सबंध साइटला लावूच नका. क्लाउडफ्लेअरमध्ये फक्त शोधपानाच्या पत्त्यासाठी कस्टम रूल करा, त्यात 'मॅनेज्ड चॅलेंज' निवडा, आणि नियम तयार करून बंद ठेवा. गरज पडली की एका क्लिकवर चालू. शब्दांची पानं कॅशमधून जातात, त्यांना परीक्षा कशाला? सर्च इंजिनांचे क्रॉलरही तीच पानं वाचतात, त्यांनाही अडथळा नको. गूगलबॉट म्हणवणारा खरा आहे का हे बघायचं असेल तर आयपीवरून उलटा डीएनएस काढा, ते नाव गूगलच्याच डोमेनचं आहे का बघा, मग त्या नावावरून पुन्हा आयपी काढा, दोन्ही जुळले तर खरा. युझर एजंटवर जाऊ नका, तो कोणीही लिहितो.

एपीआयला वेगळा सबडोमेन द्या, अर्थात नारिंगी ढगासह. ॲपने प्रत्येक वापरकर्त्यासाठी सर्व्हरकडून एक टोकन घ्यावं आणि ते हेडरमध्ये पाठवावं. तिथे दर मर्यादा आयपीमागे न लावता टोकनमागे लावा, म्हणजे दीपस्तंभांनी सांगितलेला मोबाइल नेटवर्कचा प्रश्नही येत नाही. सगळ्या ॲपमध्ये एकच ठरलेली चावी घालू नका, ॲप उलगडून ती कोणीही काढू शकतं. टोकन देणाऱ्या पत्त्यावर मात्र आयपीमागे मर्यादा हवी, नाहीतर बॉट हजारो टोकनं घेऊन बसेल.

एन्जिनएक्स कुठल्या आवृत्तीचं आहे तेही बघून घ्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये एचटीटीपी/२ मधली 'रॅपिड रीसेट' नावाची खोट जाहीर झाली. रिक्वेस्ट पाठवून लगेच रद्द करायची, पुन्हा पाठवायची, असं अखंड. गूगलने त्यात सेकंदाला ३९.८ कोटी रिक्वेस्टचा हल्ला नोंदवला. तुमच्यापुढे क्लाउडफ्लेअर आहे आणि फायरवॉल बाकी कोणाला आत सोडत नाही, म्हणून थेट धोका कमी, तरी पॅकेज जुनं ठेवू नका. 'कीपअलाइव्ह रिक्वेस्ट्स' कोणी मुळातल्या १००० वरून वाढवून ठेवलं असेल तर ते परत खाली आणा.

आणि क्लाउडफ्लेअरची पत्त्यांची यादी क्वचित का होईना, बदलते. ती उतरवून फायरवॉल आणि एन्जिनएक्स दोन्हीकडे भरणारी छोटी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालवणारं) टाका. स्क्रिप्टला एवढं नक्की शिकवा की उतरवलेली यादी रिकामी किंवा अर्धवट आली तर जुनीच ठेवायची आणि तुम्हाला मेल पाठवायचा.